रविवारच्या जेवणाला चौथं ताट

महिन्यातला शेवटचा रविवार आम्हा तिघींचा. मुलं शाळेत जायला लागली तेव्हापासूनचा हा नेम आहे, आणि आता त्या मुलांचीही लग्नं झालीत. आम्ही एका कॉलेजात होतो. मी नजरबादला राहते, शाळेत गणित शिकवते. दुसरी चामराजपुरमची, आमच्यासारख्याच इथे कन्नड मुलखात कित्येक पिढ्या मुरलेल्या मराठी घरातली, बँकेत नोकरी करते. तिसरी गोकुलमची. तिच्या घरी कन्नड, पण आमच्या संगतीत राहून ती मराठी शिकली, आणि शिकली ती आमच्यासारखीच, निम्मी कन्नड मिसळलेली. माझे पुण्याचे भाचे आले की तिचं बोलणं ऐकून हसतात, मग माझं ऐकूनही हसतात.

जेवण आळीपाळीने एकेकीच्या घरी. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी त्या दुपारी तिथे असायचं नाही, हे कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण पाळलं मात्र कायम गेलं. गोकुलमच्या मैत्रिणीचा नवरा कामानिमित्त मंगळूरला असतो, त्यामुळे तिला अडचण नव्हती. माझे यजमान जेवण माझ्याकडे असलं की सकाळीच आंघोळ उरकून त्यांच्या भावाकडे जेवायला जातात आणि संध्याकाळी परततात. चामराजपुरमची मैत्रीण तर एकटीच. लग्न फार लवकर मोडलं, मुलगा तिनेच वाढवला, तो आता बंगळूरला असतो.

दोन वर्षांपूर्वी तिला कुक्करहळ्ळी तळ्यावर सकाळी फिरताना एक गृहस्थ भेटले. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. तिने आम्हाला सगळं सांगितलं होतं. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर कॉफी प्यायली तेही, आणि मुलाला सांगायला धीर होत नव्हता तेही. आम्ही तिची थट्टा करत होतो आणि मनातून खूश होतो. ते दिसतात कसे, बोलतात कसे, हे मात्र आम्हाला ऐकूनच ठाऊक होतं.

त्या रविवारी जेवण माझ्याकडे होतं. बिसीबेळे भात, काकडीची कोसंबरी, पापड आणि गव्हाची खीर. गोकुलमची मैत्रीण लवकर आली. येताना तिचा चेहरा उतरलेला होता. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "दोघी असलात की सांगते. परत परत सांगायला नको." मी तिला खोबरं किसायला बसवलं.

बेल वाजली. दार उघडलं तर चामराजपुरमची मैत्रीण उभी, निळी रेशमी साडी नेसलेली, आणि तिच्या मागे एक उंच, सडपातळ गृहस्थ, हातात रसबाळे केळ्यांचा घड. मी काही बोलायच्या आत त्यांनी केळी माझ्या हातात दिली, नमस्कार केला आणि कन्नडमध्ये म्हणाले, तुम्ही मलाही आठवणीने बोलावलंत, फार बरं वाटलं.

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती चपला काढण्यात गुंतली होती, आणि चपला काढायला तिला जरा जास्तच वेळ लागत होता.

म्हणजे तिने त्यांना खोटंच सांगितलं होतं. आता त्यांना दारातून परत पाठवणं शक्य नव्हतं, आणि चेहऱ्यावर काही दाखवणंही शक्य नव्हतं. त्या माणसाचा काहीच दोष नव्हता. मी म्हटलं, या ना, आत या. आणि आत जाऊन चौथं ताट काढलं.

माणूस चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. माझ्या घराची चौकशी केली, भात दोनदा मागून घेतला, कोसंबरीत मोहरीची फोडणी छान बसलीय म्हणाले. गोकुलमच्या मैत्रिणीला त्यांनी विचारलं की तुमच्या घराच्या वरच्या मजल्यावर योग शिकायला आलेली परदेशी माणसं राहतात, त्यांची भाषेची पंचाईत होत नाही का. तिने सरळ, सभ्य उत्तर दिलं. मग त्यांनी कावेरीचा उगम कुठे, तिला कुठल्या नद्या मिळतात, हे सांगितलं. चांगलं सांगितलं. वर्गातली मुलं खिळून बसत असतील.

पण आमच्या रविवारी आजवर कुणी कुणाला कावेरीचा उगम सांगितला नव्हता. आम्ही तिघी जेवताना पाय मोकळे सोडून बसतो, हाताला लागेल ते चाटतो, सासरच्यांबद्दल बोलतो, रात्री अंगाला दरदरून घाम फुटतो त्याबद्दल बोलतो. त्या दिवशी आम्ही पाठ ताठ ठेवून बसलो होतो. चामराजपुरमची मैत्रीण तर स्वतः जेवायचं सोडून त्यांना वाढत होती. इतक्या वर्षांत तिला कुणाला वाढताना मी पाहिलं नव्हतं, तीच आमच्यात सगळ्यात आधी जेवायला बसते. ती खूप आनंदात होती. तिचं हसणंसुद्धा जरा वेगळं वाटत होतं. मला राग येत होता आणि तिच्याकडे बघून बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

खीर झाल्यावर गोकुलमची मैत्रीण उठली आणि माझी भांडी घासायला लागली. माझ्याकडे ती कधी भांडी घासत नाही. मी तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात विचारलं. तिने नळ थोडा मोठा केला आणि म्हणाली, "मुलगी घरी आलीय. सासरी परत जाणार नाही म्हणते. पुढच्या वेळी सांगेन, आज नको." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर नद्यांचं चाललंच होतं.

त्यात माझे यजमान लवकर परतले. भावाकडे लाइट गेली होती म्हणून कंटाळून निघाले. आमचं आटोपलं असेल असं त्यांना वाटलं. हॉलमध्ये आले तर त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ बसून कॉफी पिताहेत. मी ओळख करून दिली. दोघांनी हात मिळवले, हवापाण्याचं बोलणं झालं. थोड्या वेळाने सगळे गेले. यजमान त्या खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "मग मी का बाहेर जातो?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं. काय झालं ते मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, तिला सांग. गोकुलमच्या मैत्रिणीला सांगू नकोस, मला सांगू नकोस, तिलाच सांग.

दोन दिवस मी टाळलं. फोनवर हे बोलायचं नाही एवढंच ठरवलं होतं. मग शाळा सुटल्यावर रिक्षा केली आणि तिच्या घरी गेले. ती नुकतीच बँकेतून आली होती, साडीचा पदर खोचून कुंड्यांना पाणी घालत होती. मला बघून तिला कळलं. म्हणाली, "बस. ओरडायचं असेल तर आधी कॉफी घे."

मी कॉफीचा एक घोट घेतला. मग म्हटलं, "माणूस चांगला आहे गं. आवडले मला. पण तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो, म्हटलं असतं."

"मग?"

"मग काय, नाही म्हटलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हा दोघांबरोबर चहाला आलो असतो. त्या दिवशी आपल्या गोकुलमवालीला काही सांगायचं होतं. आल्या आल्या मला म्हणाली होती. सांगताच आलं नाही."

तिला ते ठाऊक नव्हतं. तिने कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली की इतकी वर्षं तुम्ही दोघी नवऱ्यांबद्दल बोलायचात, मी ऐकायचे. हसायचे, पण ऐकायचेच. आता माझ्याकडेही कुणीतरी आहे, हे नुसतं सांगून भागत नव्हतं. तुम्ही त्यांना जेवताना बघावं, त्यांनी तुम्हाला बघावं, असं वाटलं. आणि विचारून नकार मिळाला असता तर पुन्हा विचारायची हिंमत झाली नसती.

तिच्या जागी मी असते तर कदाचित हेच केलं असतं. तरीही मी म्हटलं, "तू त्यांना आम्ही बोलावलंय असं सांगितलंस. त्यांना कळलं तर त्यांना किती वाईट वाटेल, अल्वा?" आमच्याकडे वाक्याच्या शेवटी 'अल्वा', म्हणजे 'हो ना', लागलं की समोरच्याला 'हो' म्हणावंच लागतं. तिने मान हलवली. मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली.

पुढचा आठवडा तिचा फोन नाही, मेसेज नाही. मला धाकधूक वाटायला लागली. मग एका सकाळी आमच्या तिघींच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे जेवायला या, नवऱ्यांना घेऊन या, स्वयंपाक ते करणार आहेत. आणि रविवार आपल्या तिघींचाच, नेहमीसारखा. खाली एकही हसरा चेहरा नव्हता, पण गोकुलमच्या मैत्रिणीने लगेच उत्तर दिलं की तिचा नवरा या शनिवारी मंगळूरहून येतोय, त्याला ओढून आणते.

शनिवारी दारातच त्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. तिने त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांचे कान लाल झाले होते. कन्नडमध्ये म्हणाले, मला खरंच वाटलं होतं तुम्ही बोलावलंय, मी केळी निवडायला तासभर घालवला. मी म्हटलं, केळी उत्तम होती. ते हसले आणि स्वयंपाकघरात परत गेले. त्यांनी केलेल्या सारात मीठ जास्त पडलं होतं. सगळ्यांनी भाताबरोबर भरपूर ताक घेतलं. तिघे पुरुष एका बाजूला बसून रिंग रोडवरच्या वाहतुकीवर बोलत राहिले, आणि आम्ही तिघी एकमेकींकडे बघून पहिल्यांदा मोकळ्या झालो.

घरी येताना स्कूटरवर मी यजमानांना विचारलं, कसे वाटले. ते म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण दर महिन्याला नको."

त्यानंतरच्या आमच्या रविवारी आम्ही गोकुलमला जमलो. जेवण उरकायच्या आधीच मैत्रिणीने मुलीचं सगळं सांगितलं, रडून घेतलं, मग आतल्या खोलीत असलेल्या मुलीलाच हाक मारली. मुलगी आमच्यात येऊन बसली. तिला बसू द्यायचं का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. तिच्या आईनेच बोलावलं होतं.

आता मुलगी एका शाळेत नोकरी करते, सावरलीय. चामराजपुरमच्या मैत्रिणीच्या मुलाने बंगळूरहून येऊन त्या गृहस्थांची भेट घेतली, आणि दोघं बराच वेळ क्रिकेटवर बोलले म्हणे. लग्न करायचं का, याचा तिने आणि त्यांनी अजून निर्णय घेतलेला नाही, आणि आम्हीही विचारत नाही. दसऱ्याला गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडतो तेव्हा सगळे येतात, नवरे, मुलं, सुना, ते गृहस्थही. घरात पाय ठेवायला जागा नसते. बाकीच्या महिन्यांत आम्ही तिघीच असतो. गेल्या रविवारी माझ्याकडे होतो. चामराजपुरमची मैत्रीण सगळ्यात आधी जेवायला बसली, कोसंबरीचा वाडगा स्वतःकडे ओढून घेतला आणि आम्हाला म्हणाली, तुम्ही उभ्या का, बसा की.