बिराजदार सरांची टिचकी

किस्से जमवावे लागत नाहीत. माणसं म्हातारी व्हायला लागली की ते आपोआप साचतात. लातूरच्या आमच्या फ्लाइंग स्कूलात तर पोत्यानं साचलेत. जुन्या वैमानिकांना नव्या कॉकपिटचे संगणकी पडदे शिकवणं हे माझं काम. त्यातले एक बिराजदार सर. मी लोहा गावाहून आलो तेव्हा मला उडायला त्यांनीच शिकवलं होतं!

*

जुन्या विमानात गोल डायल असायचे आणि काटे अडकायचे. सर काचेवर दोन टिचक्या मारत, मगच आकड्यावर विश्वास ठेवत. नव्या विमानात टच स्क्रीन. टिचकी मारली की नकाशा गायब!

"सर, इथं काटाच न्हाई!"

"मंग ठोकल्याबिगर हे खरं बोलून राहिलंय कशावरून?"

मी मॅन्युअल उघडलं.

*

दुसरे जुने वैमानिक पठाण कॅप्टन. त्यांचं भांडण सिम्युलेटरमधल्या, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमधल्या, बाईच्या आवाजाशी. जमीन जवळ आली की ती ओरडायची, "पुल अप! पुल अप!"

"हाव ना बाई, वढून राहिलो! घरी बी हेच, इथं बी हेच!"

आम्ही पोट धरून हसलो. महिन्याभरात पडद्यांना कंटाळून त्यांनी राजीनामा दिला. निरोपाला स्कूलनं त्यांना भेट काय द्यावी? टॅब!

*

मॅनेजरसाहेबांनी कधी विमान उडवलेलं नाही. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "यात अवघड काय आहे? माझी पाच वर्षांची मुलगी टॅब चालवते."

बिराजदार सर म्हणाले, "मंग उद्या तिला निलंग्यापर्यंत विमान उडवू द्या. तुम्ही मागं बसा!"

साहेब हसले नाहीत. म्हणून मीही हसलो नाही. माझं प्रमोशन त्यांच्या हातात होतं.

*

शेवटी सरांची परीक्षा आली, परीक्षक मीच. नापास झाले की नोकरी संपली. आदल्या दिवशी साहेब मला म्हणाले, "यांना आता मोकळं करू. बघा तुम्ही काय ते."

सिम्युलेटरवर सरांनी सगळं बरोबर केलं. उतरताना सवयीनं एक टिचकी गेली. पडदा बदलला, त्यांनीच तो परत आणला, आणि विमान असं टेकवलं की हातातला चहा हलला नसता.

मी फॉर्मवर लिहिलं, 'नापास. कारण, जुनी सवय.' एका दमात लिहिलं, याचीच आज लाज वाटते.

सरांनी फॉर्म वाचला, सही केली, चष्मा काढून खिशात ठेवला. मग पुढं वाकून माझ्या छातीवर दोन टिचक्या मारल्या, थोडा वेळ बघत थांबले, आणि निघून गेले.