पाठीवरचं नाव

दवाखान्यात आमच्या बाकासमोर एक तरुण पाठमोरा उभा होता. त्याच्या टी-शर्टवर एका परदेशी फुटबॉलपटूचं नाव होतं.

"याला अख्खं जग ओळखतं," लेक म्हणाली. "आई, तू खो-खो खेळायचीस, तेव्हा तुला कोण ओळखायचं गं?"

"आमची शाळा. आणि हरलेली शाळा."

ती हसली. क्रिकेटवाल्याला देश डोक्यावर घेतो, फुटबॉलवाल्याला जग. आमच्या पाठीवर नाव नसायचं. तिथे सुमनचा धुळीने माखलेला तळवा पडायचा, "खो!" ऐकू यायचं आणि मी सुटायचे. सुमन आता कुठे असते, ठाऊक नाही.

इतक्यात मागून पाठीला कुणाचा तरी हात लागला. "काकू, तुमचा नंबर आला."

गुडघे दाखवायला आलेली मी ताडकन उठले. खो मिळाल्यावर मागे बघत थांबायचं नसतं. मी थांबले.