कंपनीचा गडी

मंडळाची पोरं आली तेव्हा मी ओटीवर बसून शाळेच्या वाचनालयातली उसवलेली पुस्तकं शिवत होते. माझ्या भावाच्या नावानं कबड्डीचे सामने भरवायचे ठरले होते आणि पत्रिकेवर त्याच्याबद्दल चार ओळी हव्या होत्या. तो जाऊन वर्षही व्हायचं होतं.

"तुमी शिकलेल्या, ताई. आमाला नाय जमायचं तसं," त्यांच्यातला पुढचा म्हणाला. सुरुवात त्यांनी करून आणली होती. कागदावर लिहिलं होतं, 'आपल्या गावाचा हुकमी गडी'. मी म्हटलं, विचार करून देते.

पोरं गेल्यावर मी त्या शेवटच्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसले. कबड्डी खेळणारा तो गडी, आणि दुसऱ्याच्या घरी राबणारा तोही गडी. भावाला त्यातला पहिला अर्थ आवडायचा. वडिलांना दुसराच ठाऊक होता.

लग्नाआधी वडील माळशेज चढून घाटावर गेले होते आणि तिथल्या एका बागायतदाराकडे सालानं गडी राहिले होते. पाडव्याला साल लागायचं आणि पुढच्या पाडव्याला भरायचं. दोन वेळचं जेवण, हातावर थोडे पैसे, कपड्यांचे दोन जोड आणि एक घोंगडी. साल भरलं की मालक सांगायचा, राहा किंवा जा. वडील त्या दिवसांविषयी फार बोलत नसत. ती घोंगडी मात्र आमच्या घरात होती. भाताच्या कणगीवर पांघरलेली असायची, आणि आईनं ती कधी टाकू दिली नाही.

भाऊ माझ्याहून थोडा मोठा. दहावीला शाळा सुटली आणि तो मैदानाचा झाला. उजव्या कोपऱ्यात खेळायचा. चढाईला आलेल्या माणसाचा पाय धरायचा आणि बाकीचे अंगावर येईपर्यंत सोडायचा नाही, एवढंच त्या कोपऱ्याचं काम. समोरचा तोंडानं दम घुमवत, हात नाचवत पुढं येई, तेव्हा भाऊ खाली बघत उभा असायचा. मी एकदा विचारलं, तू वर का बघत नाहीस? म्हणाला, "तोंड फसवतं गो, मास्तरीण. पाय नाय फसवत." मी मास्तरीण कधीच झाले नाही. पुस्तक घेऊन बसते म्हणून त्यानं लहानपणीच ते नाव ठेवलं होतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. म्हसा गावच्या जत्रेतल्या सामन्यांत मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या साहेबानं त्याला पाहिलं. पत्र्याची पिंपं बनवणारी ती कंपनी. साहेबाला कंपनीचा संघ उभा करायचा होता. जिल्ह्याच्या सामन्यांत अशा संघांचा गट वेगळा असतो, त्याला व्यावसायिक गट म्हणतात. साहेब म्हणाला, आत्ता कंत्राटावर घेतो, हेल्पर म्हणून. व्यावसायिक गटाची ट्रॉफी आली की सगळे कायम.

कायम. तो शब्द भाऊ घरी घेऊन आला आणि आमच्या घरात तो तांदळासारखा रोज शिजू लागला. आमच्याकडे मुलगी द्यायची तर मुलाच्या जमिनीआधी विचारतात, "कायम हाय का?" कायम म्हणजे कंपनीची बस, कँटीन, पावसाळ्यातही पगार. शेणव्याच्या पुढच्या आमच्या गावात तेव्हा कायम असलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी होती आणि ती चालायचीसुद्धा वेगळी.

अडचण एकच होती. कंपनीकडून खेळला की त्या हंगामात गावाकडून खेळता येत नाही. मंडळाचा कप्तान त्याला एसटीच्या थांब्यावर भेटला. मी बाजूलाच उभी होते.

"म्हंजे आमी कोपऱ्यात कोन उभा करायचा? दगड?"

"एका वर्साचा सवाल हाय रे. कायम झालो की येतो परत."

"कायम झालास की तू कशाला येशील? साहेबाच्या पोरीची पकड करशील."

थांब्यावरची सगळी माणसं हसली. भाऊही हसला. कप्तान हसला नाही. "जा रे जा, कंपनीचा वडा खा नि उड्या मार," असं म्हणून तो रस्ता ओलांडून गेला. तेव्हापासून गावचा सराव सुरू झाला की भावाला कुणी हाक मारीनासं झालं.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, हंगाम लागला. सकाळी भाऊ पिंपं उचलायचा आणि दुपारनंतर कंपनीच्या मागच्या मोकळ्या जागेत सराव करायचा. सरावासाठी संघ काम सोडून निघाला की बाकीचे कामगार ओरडायचे, "नवरदेव निघाले, पाट मांडा रे!" भाऊ घरी येऊन ते सांगायचा आणि हसायचा. तेव्हा तो सगळ्यालाच हसायचा.

दोन निळी बनियनं मिळाली होती. पाठीवर पिवळ्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि खाली त्याचा नंबर. आई ती वेगळ्या पाण्यात धुवायची आणि दारापुढच्या तारेवर अशी वाळत घालायची, की रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतून अक्षरं वाचता यावीत. वडिलांचं धोतर, माझ्या ओढण्या, सगळं मागच्या दारी. पुढं फक्त बनियनं.

संघ पहिला सामना हरला. मग जिंकत गेला. शहापूरला जिंकला, मुरबाडला जिंकला, कल्याणच्या बाजूला एका नामांकित संघाला त्यांच्याच मैदानावर हरवून आला. जवळपास सामना असला की मी जायची. बायकांच्या बाजूला बसायची आणि मध्यंतरात पुस्तक उघडायची. भाऊ पाणी प्यायला आला की लांबून ओरडायचा, "काय गो, पुस्तकात कोन जिंकला?"

भातसानगरला, धरणाच्या कॉलनीतल्या मैदानावर सामना होता तेव्हा वडील आले. ते आले तो एवढा एकच सामना. सगळा वेळ उभेच होते. कुणीतरी खुर्ची दिली, ती त्यांनी माझ्याकडे सरकवली. भावानं त्या दिवशी लागोपाठ पकडी केल्या. सामना संपल्यावर साहेब त्याच्या खांद्यावर हात टाकून आमच्याकडे आला.

"बाबा, हा आमचा गडी. एकदम हुकमी गडी!"

वडिलांनी टोपी काढली. तसे ते देवळाखेरीज कुठं टोपी काढत नसत. हात जोडून म्हणाले, "साल कवा भरतं याचं, साहेब? पाडव्याला का?"

साहेबाला कळलं नाही. शेजारच्या एकानं समजावून सांगितलं, की म्हातारा सालगड्याविषयी विचारतोय. मग साहेब मोठ्यानं हसला, त्याच्याबरोबर संघ हसला, कॉलनीतली माणसं हसली. "अहो बाबा, हा खेळाडू आहे खेळाडू!" भाऊ कानापर्यंत लाल झाला होता.

परतताना तो वडिलांना म्हणाला, "तो गडी वेगळा, बाबा. ह्यो वेगळा."

वडील म्हणाले, "शब्द तर तोच हाय."

उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्यानं पाय धरला आणि चढाईला आलेला आडदांड गडी त्याच्या वाकलेल्या पायावर बसला. शहापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, आतली शीर तुटलीय, मुंबईला दाखवा, काही महिने खेळ नाही. साहेब घरी आला. आईनं त्याच्यासाठी साखरेचा चहा केला, आम्ही तेव्हा गुळाचा पीत होतो. साहेब म्हणाला, "फायनल एवढी होऊ दे. मग मोठ्या डॉक्टरला दाखवू. कंपनी बघेल सगळं." भाऊ वडिलांकडे बघत नव्हता. "खेळतो, साहेब," म्हणाला. कायम व्हायला एक सामना उरला होता. त्याच्या जागी कुणीही दुसरं काय म्हणालं असतं, मला सुचत नाही.

अंतिम सामना ठाण्याच्या बाजूला होता. संघाच्या टेम्पोतून मीही गेले. गुडघ्याला घट्ट पट्ट्या होत्या, पाय पूर्ण वाकत नव्हता. समोरच्या संघाला ते पहिल्या चढाईतच कळलं आणि सगळे त्याच कोपऱ्यात येऊ लागले. तो दोनदा बाद झाला. बाहेर बसला, उठला, परत आत गेला. अगदी शेवटी, दोन्ही संघ एकमेकांना चिकटून चाललेले असताना, त्यानं एकाचा घोटा धरला. तो माणूस त्याला मध्यरेषेपर्यंत ओढत घेऊन गेला. भावाचा दुखरा पाय मातीत मागं फरफटत होता. बाकीचे यायला उशीर झाला. पण त्यानं सोडलं नाही. मी त्या वेळी डोळे मिटले होते. शिट्टी ऐकली तेव्हा उघडले.

ट्रॉफी एवढी उंच होती की ती धरलेल्या साहेबाचा चेहरा दिसत नव्हता. कंपनीच्या फाटकापाशी फोटो काढला. भावाला उभं राहता येईना म्हणून त्याला पुढं खाली बसवलं. पेढे वाटले. साहेबानं भाषण केलं, त्यात 'कायम' हा शब्द एकदाही आला नाही, पण आम्हाला वाटलं, सगळ्यांसमोर कसं बोलणार.

त्या वर्षी पाडवा मार्च संपता संपता आला. तोवर भाऊ घरी पडून होता. मोठा डॉक्टर काही ठरला नाही. गुढी उतरल्यावर एका सकाळी तो काठी घेऊन कंपनीत गेला. फाटकावरचा वॉचमन आमच्याच बाजूचा होता. त्यानं आत सोडलं नाही. कंत्राट मार्चअखेर संपलं होतं, सगळ्या खेळाडूंचं. साहेब मीटिंगमध्ये होता, आणि दुसऱ्या दिवशीही मीटिंगमध्येच होता.

"माझ्यावर रागावू नको रे दादा," वॉचमन म्हणाला. "मला सांगितलंय तेवढंच करतो. आनि ती बनियनं जमा करायची हायेत. दोन्ही."

भावानं हे घरी येऊन सांगितलं. आईनं तारेवरचं बनियन काढलं, घडीतलं दुसरं घेतलं आणि दोन्ही पुन्हा धुवायला बसली. धुऊन, वाळवून, पितळी तांब्यात निखारे घालून तिनं ती इस्त्रीसुद्धा केली. भाऊ तसल्या पायानं एसटीनं जाऊन देऊन आला.

तो निघाला तेव्हा वडील ओटीवर बसले होते. त्याची पाठ वळल्यावर म्हणाले, "माझ्या मालकानं कापडं तरी ठेवू दिली व्हती." आणि उठून बैलांना पेंढा घालायला गेले.

पुढच्या वर्षी त्या कंपनीत अधिकाऱ्यांचे क्रिकेटचे सामने झाले, असं ऐकलं. भाऊ गावच्या मैदानावर गेला. कप्तान म्हणाला, "कंपनीनं टाकल्यावर गाव आठवला काय? गुडघा बरा कर, मग बघू." गुडघा बरा झाला नाही. कोपऱ्यात दुसरा पोरगा उभा राहू लागला होता आणि तो वाईट खेळत नव्हता. काही दिवस भाऊ रेषेबाहेर बसून बघायचा. बाद झालेला गडी बसतो तसा, फक्त याला उठवायला कुणी नव्हतं. मग तेही सुटलं. एक स्थळ आलं होतं. मुलीच्या बापानं विचारलं, कायम आहे का. आई म्हणाली, होईल. तो माणूस चहा पिऊन गेला आणि परत आला नाही.

मग एका वाहतूकवाल्याच्या टेम्पोवर माल चढवायला-उतरवायला तो जाऊ लागला. कधीकधी त्याच कंपनीत पिंपं भरायला जायचा. एकदा मला म्हणाला, "हापिसाच्या काचेतून दिसते गो ती. ट्रॉफी. पुसत नायत वाटतं, काळी पडलीय." मी पुस्तकाचं पान उलटलं.

माळशेजच्या रस्त्याला, वैशाखरे गावाच्या अलीकडे तो टेम्पो कलंडला. मालावर तिघं बसले होते. दोघांनी उडी मारली. गुडघा नीट असता तर त्यानंही मारली असती, असं गावात अजून म्हणतात. मंडळातली माणसंही म्हणतात. त्यांच्या आवाजात तेव्हा हळहळ असते, आणि मला ती हळहळ सोसत नाही.

पोरं कागद न्यायला परत आली. खुशीत होती. आता सगळा खर्च निघणार होता.

"ताई, मुरबाडची कंपनी बनियनं देतेय. सगळ्या संघांना! मागं दादाचं नाव, खाली कंपनीचं."

कोणती कंपनी, ते मी विचारलं. तीच होती. मालक बदलले होते, फाटक तेच.

मी म्हटलं, "सामने झाले की परत घेणार का?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसली. "काय ताई तुमी पन! बनियनं कोन परत घेतं?"

मी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. त्यांच्या कागदावरचं ते वाक्य खोडून मी त्याचं नाव लिहिलं आणि खाली 'उजवा कोपरा' एवढंच लिहिलं. त्यांना ते फार थोडं वाटलं असणार. कारण पत्रिका छापून आली तेव्हा नावाच्या आणि कोपऱ्याच्या मध्ये, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, 'हुकमी गडी' पुन्हा आला होता.

वडिलांना वाचता येत नाही. पत्रिका हातात उलटी धरून त्यांनी विचारलं, "काय लिवलंय गो?"

मी ती सरळ करून दिली. त्याचं नाव वाचलं, उजवा कोपरा वाचलं. मधलं गाळलं.