शफलबॉटमांची सून

इंग्लंडातल्या बोल्टनच्या कापडगिरणीत मागावर काम करणाऱ्या मेबल कर्शॉला विल्फ मनापासून आवडायचा. आवडायचं नाही ते त्याचं आडनाव. शफलबॉटम. त्यापायी तिने त्याला दोनदा नकार दिला.

"माणूस म्हणून तुझ्यात खोट नाही," ती म्हणाली, "पण जन्मभर लोकांनी मला बूड हलवणारी बाई म्हणायचं?"

"म्हणतील चार दिवस, मग विसरतील. मलाही लहानपणापासून म्हणतातच की."

"म्हणजे अजून विसरले नाहीत."

ही गोष्ट विल्फच्या वडिलांच्या, एमॉसच्या कानावर गेली. म्हाताऱ्याने मेबलला रविवारी चहाला बोलावलं आणि पावाला लोणी लावता लावता सांगितलं, "पोरी, आमच्याकडे बॉटम म्हणजे दरीचा तळ. लोकर कातरायच्या आधी मेंढ्या ज्या दरीतल्या ओढ्यात धुवायचे, तिचं नाव शीप म्हणजे मेंढीवरून शिपरबॉटम. तिथे राहणाऱ्यांना तेच नाव चिकटलं. पुढे पिढ्यान् पिढ्या लोकांच्या जिभेवर घासून त्याचं शफलबॉटम झालं. यात हलवण्याबिलवण्याचं काही नाही."

"मग मेंढ्या धुणारे म्हणा ना सरळ," मेबल हसत म्हणाली. पुढच्या वसंतात लग्न झालं. गिरणीतल्या बायकांनी वर्षभर तिला छळलं. तीही एकेकीला पुरून उरली.

त्यांना एकच मुलगा, लेनर्ड. शाळेत त्याला या नावावरून फार सोसावं लागलं. आईसारखं उलट बोलणं त्याला जमायचं नाही. शिकून तो लंडनला बँकेत लागला, आणि लग्न ठरल्यावर घरी येऊन स्वयंपाकघरात आईला म्हणाला, "मी नाव बदललंय. लेनर्ड शेफर्ड. बाबांना तू सांग ना."

"नाव तुझं, तू काय हवं ते कर. पण हे माझ्या तोंडून नको," मेबल म्हणाली.

विल्फ परसात कबुतरांना दाणे टाकत होता. लेनर्डने मान खाली घालून सांगितलं. विल्फने आणखी एक मूठ दाणे टाकले.

"शेफर्ड म्हणजे मेंढपाळच ना?" तो म्हणाला. "मग फार लांब नाही गेलास."

लेनर्डला रडू आलं. विल्फने त्याच्या हातात दाण्यांचा डबा दिला.

लंडनच्या लग्नात मुलीच्या मावशीने मेबलचा हात हातात घेतला. "या, मिसेस शेफर्ड."

पलीकडे उभ्या लेनर्डचा चेहरा उतरला. विल्फने बायकोला हळूच कोपर मारलं, सोडून दे म्हणून.

"शेफर्ड आमचा मुलगा," मेबल म्हणाली. "मी शफलबॉटम."

मावशीला हसू आवरेना. मग मेबलने तिला ओढा, मेंढ्या, दरी सगळं ऐकवलं. नवरी डॅफ्नी केक कापायचा सोडून जवळ आली. "हे मला लेनर्डने कधी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"त्याला कुणी नीट विचारलंच नसेल," मेबल म्हणाली.

लेनर्ड शेफर्डच राहिला. पण वर्षभराने मुलगी झाली तेव्हा पहिला फोन त्यानेच केला, आईवडिलांकडे फोन नव्हता म्हणून शेजारी, आणि शेजारणीने उचलला तर म्हणाला, "मिसेस शफलबॉटमना बोलवता का? मी त्यांचा मुलगा."