कोरडं बोट

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकत असेल. शाळा चौथीपर्यंतच झाली, सांभाळून घ्या. हे मी माझ्या घरात कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, मुलांना नाही. तोंडाने सांगणं जमत नाही, म्हणून लिहिते.

मुलुंडच्या एका लहान प्रसूतिगृहात मी आया होते. माझ्या शेजारची सिसिल तिथे दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. पोर मूठभर. डॉक्टरीणबाईंनी तिला कापसात गुंडाळून दुसऱ्या खोलीत बल्बखाली ठेवलं, मला बजावलं – हिला गार काही लागू द्यायचं नाही. पोर जगेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

सिसिलच्या पोटाला टाके, उठता येईना. नवरा फादरांना आणायला धावलेला. तिने माझा पदर धरला. "शालन, तूच घाल पाणी. बाप्तिस्म्याशिवाय गेली तर देवाच्या घरी कशी जाईल गं?"

"अगं, मी हिंदू."

"चालतं. जीव जात असला की कुणीही घातलेलं चालतं. डोक्यावर पाणी ओत नि मी सांगते ते म्हण."

वाटीत पाणी घेतलं, शब्द घोकत गेले. आणि – हात पुढे होईना. एवढंसं डोकं, टाळू उडतेय. या पाण्यानेच गेली तर? मी कोरडं बोट कपाळाला टेकवलं, पिता, पुत्र, पवित्र आत्मा, सगळं म्हटलं, नि पाणी मोरीत ओतलं. येऊन म्हणाले, "झालं." सिसिलने माझे हात डोळ्यांना लावले.

पोर जगली. रीटा.

पुढे फादरांनी मला बोलावून विचारलं, पाणी ओतलं होतंस ना? बाप्तिस्मा एकदाच होतो, झाला असेल तर पुन्हा करायचा नाही. तेव्हा खरं सांगायला काय जात होतं माझं? मी मान हलवली. त्यांनी नुसत्या प्रार्थना केल्या, पाणी घातलं नाही.

भीतीपोटी म्हणू? पहिल्यांदा होती भीती. पण नंतर – नंतर मला ते आवडायला लागलं. चारचौघांत तोंड न उघडणारी मी, आणि नाताळात सिसिल पाहुण्यांना सांगायची, "माझ्या पोरीला हिने पाणी दिलं." बायका उठून मला खुर्ची द्यायच्या. त्या मानासाठी मी वर्षानुवर्षं गप्प बसले.

रीटा त्यांच्या देवळात, चर्चमध्ये, पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद, ती पवित्र भाकर, घेणार होती. तिचा पांढरा फ्रॉक शिवता शिवता सिसिल म्हणाली, "बाप्तिस्मा नसता तर हे काहीच नसतं गं." मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं.

मशीन थांबली. "फादरांनाही खोटं बोललीस? आणि मी येड्यासारखी गावभर सांगत फिरतेय!" वाटलं, आता हाकलते. तिने चपला घातल्या. "चल. त्यांच्यासमोर बोल."

बोलले. फादर म्हणाले, "देव पाण्यासाठी अडून बसत नाही. पण आपल्याला घालायला सांगितलंय, तर आपण घालायचं."

रीटाला कळलं तेव्हा तिला हसू आवरेना. "म्हणजे मावशी, मी इतके दिवस अशीच, बाप्तिस्म्याशिवाय, प्रार्थना पाठ करत होते?"

सिसिल पाहुण्यांना आता ते सांगत नाही. मला मात्र तशीच बोलावते. असं माणूस मला मिळालं – मी काय केलं होतं त्यासाठी?

ख्रिस्तप्रसादाआधीच्या शनिवारी रीटाने मान वाकवली, फादरांनी पाणी ओतलं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. सिसिलने वळून मला शोधलं, हाताने जवळ बोलावलं नि टॉवेल माझ्या हातात दिला.

मी पोरीचं डोकं पुसलं.