मेमरीतली यादी

“यादी डिस्कवर उतरवली का?” रक्तपेढीच्या दारातून आत येता येता त्या हेच विचारायच्या. नमस्कार वगैरे नंतर.

कोल्हारहून रोज एसटीने येणाऱ्या आमच्या टेक्निशियनबाई. मी काउंटरला होतो. कुठली पिशवी कोणत्या रुग्णासाठी तपासून राखलीय, ही यादी सर्व्हरच्या मेमरीत असायची. काउंटर, प्रयोगशाळा आणि वॉर्ड, तिन्हीकडचे प्रोग्रॅम त्या एकाच यादीवर चालायचे. काम झटपट व्हायचं. पिशव्यांना चिठ्ठ्या लावणंही आम्ही सोडून दिलं होतं. पण सर्व्हर बंद पडला की यादी पुसली जायची. म्हणून बाई दर दोन तासांनी स्वतः बॅकअप घ्यायच्या, म्हणजे यादी डिस्कवर उतरवून ठेवायच्या.

हे आपोआप व्हावं, असा अर्ज त्यांनी तीनदा दिला. साहेब म्हणाले, “चाललंय ना? मग चालू द्या.”

बाई बाहेर येऊन भडकल्या. “चाललंय म्हनं! मी हाय म्हनून चाललंय. मी काय बॅटरी हाय का?”

आम्ही हसलो. तुम्हीही हसला असता.

मुलीच्या साखरपुड्याला त्यांनी एकच दिवस रजा घेतली. बॅकअपचं मला दोनदा बजावलं. मी विसरलो. दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली. लाईट आली तेव्हा तिन्ही पडदे कोरे. आणि वॉर्डात एक बाळंतीण रक्त जाऊन पांढरीफटक पडलेली. कालच्या बॅकअपनंतर राखलेल्या तिच्या पिशव्या कुठल्या, कुणालाच सांगता येईना.

मी फोन केला. बाई साखरपुड्याच्या साडीतच मिळेल त्या टेम्पोने आल्या आणि पिशव्या पुन्हा तपासायला बसल्या. बाळंतीण वाचली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, “रजेवर गेलातच कशा?”

“तीन अर्ज दिले हुते मी. काडा ना बाहेर!” बाईंनी टेबलावर हात आपटला.

अर्ज फायलीत नव्हते. कसे असतील? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी, नादान माणूस, साहेबांनी पुढे केलेल्या ‘अर्ज आलेच नव्हते’ अशा कागदावर साक्षीदार म्हणून सही केली. बॅकअप ठेवला नाही, असा ठपका ठेवून बाईंना काढलं. त्याच आठवड्यात आपोआप बॅकअप बसला आणि त्याच्या श्रेयाचा हार साहेबांनी गळ्यात घालून घेतला. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते, साहेबांच्या रागाने आणि स्वतःच्याही.

शेवटच्या दिवशी ॲप्रन घडी करून बाई माझ्या टेबलाशी थांबल्या. शिव्या देतील असं वाटलं. द्यायला हव्या होत्या.

“ती बाळंतीन कशी हाय आता? घरी गेली का?”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.