साडभाऊंना सापडलेली गाणी

आमच्या जिल्ह्यात कुठल्या गावी कोण काय गातं, हे परमेश्वरानंतर फक्त माझ्या साडभाऊंना ठाऊक होतं. आणि ते राहत त्या डोणगावच्या आसपासच्या खेड्यांबद्दल तर परमेश्वरानेही त्यांनाच विचारलं असतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नवं राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. ते सरकारी खात्यात लेकरांना देवी टोचायचं काम करीत, म्हणून लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. सायकलला पेटी बांधून ते गावोगाव हिंडत. टोचून झालं की दुसरा कोणीही माणूस त्या रडारडीतून लवकर सुटायला पाहील, पण साडभाऊ मान तिरपी करून रडणं ऐकत बसत. एखादं लेकरू जरा सुरात रडलं की त्याच्या आईला विचारीत, "घरात कोन गाते?" बिचारी घाबरायची. तिला वाटायचं, लेकराला काहीतरी रोग निघाला.

रेडिओवरच्या किंवा तबकड्यांवरच्या गाण्यांत त्यांना गोडी नव्हती. ती सगळ्यांना ऐकू येतात, त्यांना माझी काय गरज, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवं असे ते गल्लीबाहेर न गेलेलं गाणं. रोहिणखेडला जुन्या मशिदीजवळ कापूस पिंजणारे एक चाचा राहत. पिंजता पिंजता ते गात आणि त्यांच्या धनुकलीची तात नेमक्या जागी टण्णकन बोले. ते ऐकण्यासाठी साडभाऊंनी घरच्या गाद्या एस.टी.च्या टपावर टाकून तिकडे नेल्या. मग उशा नेल्या. मग पिंजलेल्याच गाद्या पुन्हा नेल्या. गाद्या इतक्या मऊ झाल्यात की बसलेला माणूस शोधावा लागतो, असं माझी मेहुणी सांगायची. उंद्रीला एक शेतकरी मोट हाकताना गाई. त्याच्या विहिरीवर इंजिन आलं आणि गाणं थांबलं. साडभाऊ लागोपाठ तीन रविवार त्याला इंजिनापाशी बसवून, ह्याच्याच ठेक्यावर म्हणून पाहा, अशी विनवणी करीत राहिले. शेवटी तो म्हणाला, "बैल वळून पाहे, डाक्टर. हे काई पाहत नाई." साडभाऊ हात हलवत घरी आले. पुढे आठवडाभर मात्र भेटेल त्याला त्यांनी ते वाक्य ऐकवलं.

आपल्याला आवडलेलं दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. अडचण एकच होती, त्यांना स्वतःला गाता येत नव्हतं. कुठलंही गाणं त्यांच्या गळ्यातून आलं की आधीच्या गाण्यासारखंच वाटे. तेव्हा गाणं ऐकणाऱ्याकडे नेता येत नाही म्हणून ते ऐकणाऱ्यालाच गाण्याकडे नेत. मी चिखलीला मास्तर. माझ्या किती सुट्ट्या त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर गेल्या, सांगता येणार नाही. "चाला मास्तर, लांब नाई," असं ते म्हणाले की सहा मैल तरी धरून चालायचे.

गयाबाई त्यांना अशीच एका सुरेल रडणाऱ्या लेकरामुळे सापडली. लेकरू तिच्या मुलीचं होतं. डोणगावपासून जवळच्या एका खेड्यात, बौद्धवाड्यात तिचं घर. रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतात कामाला जायची. निंदताना, कापूस वेचताना ती स्वतःच रचलेली गाणी म्हणायची आणि बाकीच्या बाया ती उचलायच्या. त्यातलं एक साडभाऊंच्या काळजात बसलं होतं. धाकटी लेक शाळेत जायला लागली, तिच्या काळ्या पाटीवरचं:

"काया पाटीवर पांढरं पाखरू,
लेकीनं काढलं माह्या नावाचं अक्षरू."

हे सगळ्या मुलखाने ऐकलं पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. दोन वर्षं ते रेडिओ केंद्राला पत्रं लिहीत राहिले. अखेर दिवाळीच्या सुट्टीत, मी त्यांच्याकडे असतानाच, जीपमधून दोन माणसं ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आली. गयाबाईच्या अंगणात सतरंजी अंथरली, तिच्यासमोर माईक ठेवला, आणि तिचा आवाज बंद झाला. एकदा खाकरली, दोनदा पाणी प्याली. हाताला काम नसलं की तोंडातून गाणं निघत नाही, असं तिने हळूच सांगितलं. अर्धा तास गेला. दोघांतल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि वायरी गुंडाळायला सांगितल्या. साडभाऊंचा चेहरा पाहवेना. तेवढ्यात ते उठले, माईकपुढे बसले आणि स्वतःच म्हणू लागले, "काया पाटीवर पांढरं वासरू..."

अंगणातलं कुत्रं उठून गेलं. गयाबाईने कानावरचा पदर मागे केला.

"वासरू नाई, डाक्टरसाहेब. पाखरू. पाटीवर वासरू कसं बसन?"

आणि चूक दुरुस्त करायची म्हणून तिने ती ओळ म्हटली, मग पुढची, मग सगळंच गाणं. समोर नसलेला कापूस तिची बोटं वेचत होती. यंत्र अजून चालूच होतं.

परतताना मी साडभाऊंना विचारलं, की ज्या ओळीसाठी तुम्ही मला वीस वेळा इथे आणलं ती तुम्ही चुकलात कशी? "चूक झाली, मास्तर," म्हणाले आणि जोरात पायडल मारू लागले. ते खरं की खोटं, मला आजही ठरवता आलेलं नाही.

महिन्याभराने संध्याकाळी ते गाणं लागलं. पंचायतीच्या रेडिओसमोर गाव जमलं होतं. गयाबाई लेकीला घेऊन बसली होती. निवेदक एवढंच म्हणाला, "आता ऐका, वऱ्हाडातलं एक पारंपरिक लोकगीत." नाव नाही, गाव नाही. साडभाऊ ताडकन उठले आणि माणसामाणसाजवळ जाऊन सांगू लागले की हे पारंपरिक नाही, हे गयाबाईने केलंय, ही काय इथे बसलीय. गाणं दोन-अडीच मिनिटांचं. त्यांचं सांगून होईपर्यंत ते संपलं होतं. ज्याच्यासाठी दोन वर्षं पत्रं लिहिली, ते गाणं न ऐकलेला तिथे माणूस एकच, ते स्वतः.

ते गयाबाईसमोर जाऊन उभे राहिले आणि नाव राहून गेल्याबद्दल माफी मागू लागले. ती रेडिओकडेच पाहत होती.

"नावाचं राहू द्या," ती म्हणाली. "मले माह्या मायचा आवाज ऐकू आला. तिले जाऊन बारा वर्सं झाली."

स्वतःचा आवाज बाहेरून कसा लागतो, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. साडभाऊ तिथेच, तिच्या शेजारी, मातीत बसले.

नावासाठी त्यांनी केंद्राला आणखी तीन पत्रं धाडली. उत्तर आलं नाही. साडभाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण अजूनही कधी रस्त्याने जाताना शेतातून एखाद्या बाईचा आवाज येतो आणि मी नकळत थांबतो. पूर्ण गाणं ऐकतो. कोण गातंय, कुठल्या गावची, तेही विचारून घेतो. मग निघायची वेळ येते, आणि हे आता जाऊन कुणाला सांगावं, ते कळत नाही.